कापसाकडच्या पाच ओळी

“अप्पा, लवकर या. माझ्या रॅकवरच्या अळ्या ओकायल्यात.”

शिवकन्या शेडच्या दारातून ओरडली तेव्हा मी अंगणात खुर्च्या पुसत होतो. तासाभरात दोन जीपगाड्या भरून शेतकरी आमचं रेशीम बघायला येणार होते. शाळेतून वीस खुर्च्या मागून आणल्या होत्या आणि त्यांच्यावर खडूची आणि पोरांच्या पायांची धूळ बसलेली होती. मी फडकं खांद्यावर टाकलं आणि आत धावलो.

आमच्या शेडमध्ये चार रॅक होत्या, एकेकीला पाच कप्पे. दारासमोरची रॅक माझ्या पोरीची. तिच्या लोखंडी खांबावर तिनं खडूनं लिहून ठेवलं होतं, ‘शिवकन्या जगन्नाथ गव्हाणे, सातवी अ’. त्या रॅकचा तुतीचा पाला ती कापायची, ती टाकायची, खालची घाण ती काढायची. अळ्या शेवटच्या वयात आल्या होत्या. चार दिवसांत त्या कोष करायला चढल्या असत्या. आदल्या दिवशी बोटाएवढ्या पांढऱ्याशुभ्र अळ्या मान खाली घालून पाला ओरपत होत्या. आता वरच्या तीन कप्प्यांत त्यांनी डोकी वर केली होती. पुढचं अंग हलवत होत्या, तोंडातून हिरवं पाणी गाळत होत्या आणि फांदीवरून खाली गळून पडत होत्या.

“सहाला पाला टाकला तवा चांगल्या होत्या,” शिवकन्या म्हणाली. “सगळ्या खात होत्या.”

“बाकीच्या रॅक?”

“त्यांना काहीच नाही. मी बघून आले.”

बघून आले, हे आमच्या घरातलं वाक्य होतं. ते मीच तिच्या तोंडी बसवलं होतं. विहिरीची मोटर चालू आहे का, गाईनं वैरण खाल्ली का, असं काही विचारलं आणि ती ‘असेल’ म्हणाली, की मी म्हणायचो, “असेल नाही. तोंडानं सांगू नको, जाऊन बघून ये.” सहाव्या वर्षी ती वासरू सोडायची, आठव्या वर्षी मोटर चालू करायची, दहाव्या वर्षी तिच्या हातात मी विळा दिला. आम्हाला एकच लेकरू. पाव्हणेरावळे म्हणायचे, एकुलत्या पोरीला उन्हात कशाला काढता? मी म्हणायचो, लेकराला जपून ठेवलं की लेकरू नासतं, कामाला लावलं की पक्कं होतं. या विषयावर माझ्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. पारावर मी बोलायला लागलो की माणसं हळूच चपला शोधायची. पण रेशीम कार्यालयाच्या नखाते साहेबांना माझं बोलणं आवडलं होतं. शेतकऱ्यांची सहल आमच्याकडे आणायचं त्यांनी ठरवलं ते शेडसाठी नव्हतं. शेड तर तालुक्यात आमच्यापेक्षा चांगली होती. बारा वर्षांची पोरगी एक रॅक एकटीनं कोषापर्यंत नेते, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं.

आणि ती रॅक डोळ्यांसमोर मरायला लागली होती.

“अप्पा, काय झालं असंल?”

मी एक अळी हातात घ्यायला वाकलो आणि तसाच मागे सरलो. बाहेर आलो, दाराशी ठेवलेल्या बादलीपाशी बसलो आणि साबण लावून हात धुतले. दोनदा धुतले, मनगटाच्या वरपर्यंत. मग ते पाणी बांधावर ओतलं आणि बादली नव्या पाण्यानं भरून ठेवली.

ती बादली आणि तो साबण हाही शिवकन्येचाच कारभार. शेड उभं राहिलं तेव्हा आम्ही दोघं प्रशिक्षणाला गेलो होतो. साहेबांनी तिथं सांगितलं, या किड्याला सगळ्यात वाईट दोन गोष्टी, फवारलेला पाला आणि तंबाखूचा हात. तंबाखू मळलेल्या हातानं नुसती फांदी धरली तरी अळी जगत नाही. मी सोळाव्या वर्षापासून तंबाखू खाणारा माणूस. घरी आल्यावर शिवकन्येनं विचारलं, “अप्पा, आता कसं?” मी तिला विहिरीवर नेलं आणि तिच्यादेखत डबी पाण्यात टाकली. ती गोष्टही मी पारावर सांगितलीच. तेव्हापासून शेडच्या दारात बादली आली, आणि कुणीही आलं, सरपंच असो नाहीतर मामा असो, ती दारात उभी राहून म्हणायची, “हात धुऊन आत या.”

फवारलेल्या पाल्यासाठी वेगळा नियम होता. आमच्या तुतीच्या मावळतीला शेजारच्या बन्सीचा कापूस होता. तो कापसावर औषध मारायचा तेव्हा वाऱ्यानं चार-दोन थेंब इकडे यायचे. म्हणून कापसाकडच्या पाच ओळींचा पाला कापायचा नाही. पाचव्या ओळीच्या तोंडाला आम्ही काठी रोवून लाल चिंधी बांधली होती.

अकराला जीपगाड्या आल्या. नखाते साहेब हात धुऊन पहिले आत गेले आणि रॅकसमोर थबकले. एव्हाना खालच्या कप्प्यांतल्या अळ्यांनीही मान टाकायला सुरुवात केली होती. मागे वीस माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. साहेबांनी एक अळी उचलली, उलटी करून पाहिली, नाकाशी नेली.

“हा रोग नाही,” ते म्हणाले. “विषबाधा आहे. जगन्नाथराव, घरात तंबाखू कोण खातं?”

“कुणी नाही, साहेब. मी सोडून वरीस झालं.”

“नक्की?”

मी तोंड उघडायच्या आधी शिवकन्या म्हणाली, “अप्पांनी डबी विहिरीत टाकली, सर. माझ्यासमोर टाकली.”

साहेब हसले. “मग पाल्यावर फवारा आलाय. शेजारी काय आहे?”

“कापूस,” मी म्हणालो.

“या रॅकचा पाला कुणी कापला?”

वीस माणसं होती. त्यांच्यात गेवराईकडचा एक म्हातारा होता, पांढरा पटका बांधलेला, तो सगळ्यात पुढे येऊन माझ्याकडे बघत होता. मला तो म्हातारा अजून दिसतो.

“पोरीनं,” मी म्हणालो.

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. तिनं त्या दिवसासाठी शाळेचा गणवेश घातला होता, दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधल्या होत्या.

“शिवे, कापसाकडच्या ओळीतला पाला कापलास का?”

“नाही, अप्पा.”

“नीट आठव.”

“नाही कापला. मी विहिरीकडनं सुरू केलं व्हतं. दहाव्या ओळीपस्तोर आले आन् भारा झाला.”

“काल संध्याकाळी कापलास ना? दिवस बुडायला आला होता. कुठल्या ओळीत होतीस ते तुला कसं कळलं?”

“चिंधी दिसत व्हती की.”

“अंधारात चिंधी दिसली?”

“अंधार नव्हता, अप्पा.”

“मग या अळ्या कशानं मरायल्यात? उगीच मरायल्यात का?”

ती रॅककडे बघत राहिली. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. मला माहीत होतं, अजून एकदा विचारलं की ती मोडेल. मी विचारलं. माझा आवाज मोठा नव्हता. मी पोरीवर कधी आवाज चढवत नाही याचाही मला अभिमान होता.

“बाळा, नीट आठव आन् सांग.”

“कापला असंल,” ती म्हणाली.

“विळा दे इकडं.”

तिनं कमरेचा विळा काढून माझ्या हातात दिला. तो मी माझ्या कमरेला खोचला. मग मेलेल्या अळ्यांचं काय करायचं ते नखाते साहेबांनी सांगितलं, म्हणजे आम्हाला माहीत होतंच, खड्डा करून चुना टाकून पुरायच्या. मी गड्याला हाक मारू शकलो असतो. मी टोपलं तिच्यापुढे ठेवलं.

“चूक केली की निस्तरायची पण आपणच,” मी माणसांकडे वळून म्हणालो. “आमच्यात असंच असतं.”

गेवराईचा म्हातारा मान डोलवत म्हणाला, “असं पाहिजे. आमची पोरं नुसती लाडानं बिघडली.” दोघा-तिघांनी त्याला दुजोरा दिला. साहेबांना मात्र ते फारसं रुचलं नसावं. “लहान आहे अजून,” एवढं ते पुटपुटले आणि दुसऱ्या रॅककडे वळले. मी माणसांना बाकीच्या तीन रॅक दाखवल्या. मागच्या दारातून शिवकन्या टोपली भरभरून नेत होती. शेडमागे खड्डाही तिनंच खणला, आणि गणवेशाच्या बाह्या चुन्यानं पांढऱ्या झाल्या.

पंगत बसली. बाजरीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. वाढता वाढता माझी बायको प्रयाग मला खुणेनं स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिच्या हातात ते सकाळचं फडकं होतं, खुर्च्या पुसायचं.

“याला वास मारायलाय,” ती म्हणाली.

मी फडकं तिच्या हातातून काढून घेतलं.

“कधीपासून?”

“पोळ्यापासून.”

“कुठं ठेवता?”

“गोठ्याच्या वळचणीला.”

प्रयागनं डोळे मिटून घेतले. चुलीवरचं पिठलं खदखदत होतं. तिनं ते उतरवलंही नाही.

काय झालं होतं ते आता सांगतो. साडेआठला शिवकन्या न्हायला गेली होती. मी गोठ्यात चिमूट मळून तोंडात टाकली, हात फडक्याला पुसले आणि शेडमध्ये एक फेरी मारायला गेलो. बादलीपाशी थांबलो नाही, कारण दारात कुणी नव्हतं. शिवकन्येच्या रॅकवर अळ्या एका कडेला गोळा झाल्या होत्या. माणसं येणार, पोरीचं काम उठून दिसलं पाहिजे, म्हणून मी त्या ओंजळीनं उचलून सारख्या पसरल्या. वरपासून खालपर्यंत पाचही कप्पे. बाकीच्या रॅकना हात लावला नाही. त्या आमच्या होत्या, त्या कोण बघणार होतं? शेडला कुंपण मीच घातलं होतं आणि कुंपणानंच शेत खाल्लं.

“पोरीला सांगा,” प्रयाग म्हणाली.

“आता? माणसं बसलीत.”

“माणसं गेल्यावर सांगा. आन् साहेबांनाबी सांगा.”

“सांगतो.”

“मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “तुमच्या तोंडानं सांगा. तिला तुमच्या तोंडाचंच खरं वाटतंय.”

मी हो म्हणालो आणि तेव्हा ते खरं होतं. मी खरोखर सांगणार होतो. भाकरीची दुरडी घेऊन बाहेर आलो तर शिवकन्या रिकामं टोपलं घेऊन मागच्या दारातून येत होती. तिनं आईला हाक मारून सांगितलं, “आई, माणसं गेली की मी ओळीत जाऊन बघून येते. कापलं असंल तर खुंट दिसतील.”

दोन वाजता जीपगाड्या गेल्या. जाताना नखाते साहेब मला म्हणाले, “पोरीला फार बोलू नका.” त्या म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. “शिकून जायलोय तुमच्याकडनं,” तो म्हणाला. मी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवलं आणि तुतीतल्या पायवाटेनं घरी आलो.

शिवकन्या अंगणात वाटच बघत होती. जेवली नव्हती. “अप्पा, येते बघून,” म्हणाली आणि पळतच गेली. प्रयाग उंबऱ्यात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता ती आली की सांगा. मी मान हलवली.

पोरगी परत आली ती चालत आली. तोंड पार उतरलेलं.

“कापलाय, अप्पा. पाचव्या ओळीत. अकरा फांद्या. मीच कापला. मला आठवेना, पण खुंट हायत.”

प्रयागच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट दिसलं. ती गोंधळली. तिला वाटलं असणार, म्हणजे दोन्ही झालं, बापाचीही चूक झाली आणि लेकीचीही झाली. तिनं पोरीला जवळ घेतलं आणि घरात नेलं. पुन्हा तिनं माझ्यापाशी तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर शिवकन्येनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि पाचही ओळींच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवून बांधल्या. महिन्याभरानं मी तिला विळा परत दिला. तोपर्यंत ती वेगळीच पोरगी झाली होती. पाला कापायच्या आधी ओळी मोजायची, कापल्यावर मोजायची, घरी येऊन वहीत लिहायची. दार लावलं का हे झोपायच्या आधी दोनदा बघायची. कुणी काही विचारलं की लगेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायची नाही. “थांबा, बघून सांगते,” म्हणायची. लोक म्हणाले, जगन्नाथ, काय पोरगी तयार केलीस. मी मिशीत हसायचो. खाई त्याला खवखवे म्हणतात. मलाही खवखवायचं, पण कौतुक गोड लागतं आणि गोडावर खवखव जरा कमी होते.

तंबाखू मात्र त्या दिवशी सुटली ती कायमची. आणि हे मला कुणाला सांगताही येईना, कारण लोकांच्या लेखी मी ती वर्षापूर्वीच सोडली होती.

मी माझी एक समजूतही करून घेतली होती. पोरगी हुशार आहे, तिला मागाहून कळलंच असणार. फडक्याचा वास आला असेल, नाहीतर आई कधी बोलली असेल. कळून तिनं बापाला झाकलं आणि माफ केलं. पंधरा वर्षं मी या समजुतीवर काढली. तिचं कृषी पदविकेचं शिक्षण झालं, लग्न झालं, सासरी अंबाजोगाईकडे तिनं आणि जावयानं आमच्या तिप्पट शेड उभारलं. मी गेलो की ती दारात म्हणायची, “हात धुऊन आत या, अप्पा,” आणि हसायची. त्या हसण्यात मला माफीच दिसायची.

गेल्या माघात तिच्याकडे शेतकरी महिलांचा मेळावा होता. आम्हा दोघांना तिनं मुद्दाम बोलावून घेतलं. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. आधी शिवारफेरी झाली. तुती बघून आल्यावर एक बाई उठून म्हणाली, “ताई, तुमच्या तुतीच्या मावळतीच्या कडेला पाच ओळी तशाच सोडल्यात. पार झाडं झालीत त्यांची. पलीकडं तर नुसता माळ हाय. तिथं कोण फवारणार?”

शिवकन्या हसली. “ती माझी खोड आहे,” ती म्हणाली. “मी बारा वर्षांची असताना माझ्या हातून एक रॅक मेली. कापसाकडच्या ओळीतला पाला कापला आणि मला ते आठवतही नव्हतं. मी सगळ्यांसमोर नाही नाही म्हणत होते. अप्पांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. ‘नीट आठव’ एवढंच म्हणाले. नंतर मी जाऊन बघितलं तर खुंट समोर होते. तेव्हा मला कळलं, आपल्या आठवणीवर विसंबायचं नाही. अजूनही मी विसंबत नाही. दाराचं कुलूप लावून गावाला निघाले तरी अर्ध्या वाटेवरून परत येते, हे चिडवतात मला.” तिनं जावयाकडे बघितलं, बायका हसल्या. “पण ती सवय लागली म्हणून आज हे शेड उभं आहे. ते अप्पांमुळं.”

टाळ्या पडल्या. जावयानं माझ्या डोक्याला फेटा बांधला. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी फेट्याखाली मान घालून बसलो होतो. त्यांना वाटलं, म्हातारा भारावला. तिला काहीच कळलेलं नव्हतं. तिनं मला माफ केलेलं नव्हतं, कारण माफ करायचं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं ती स्वतःवर खोटेपणाचा आळ घेऊन जगत होती आणि त्याला माझे संस्कार म्हणत होती.

मेळावा पांगला. तिसऱ्या प्रहरी शिवकन्या विळा घेऊन पाला कापायला निघाली, तिच्या मागोमाग मी गेलो. त्या पाच ओळींपाशी तिला थांबवलं. डोक्यावरचा फेटा काढून हातात धरला होता, तो कुठं ठेवावा ते मला समजत नव्हतं.

“शिवे, तो पाला नव्हता.”

“कुठला पाला?”

“त्या दिवशीचा. माझे हात होते. मी तंबाखू मळून तुझ्या अळ्यांना हात लावला होता. पोळ्यापासून पुन्हा खायला लागलो होतो. तुझ्या आईला माहीत आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आलेला दिसला नाही. वर्गात चुकलेलं गणित समजावून सांगावं तसं ती मलाच म्हणाली, “नाही, अप्पा. तुम्ही तंबाखू खाल्लीही असेल. पण पाला मी कापला होता. अकरा फांद्या. मी मोजल्या होत्या.”

आता गप्प बसता आलं असतं. तिनं स्वतःच वाट काढून दिली होती. माझ्या मनात ते आलं हेही लिहून ठेवतो.

“त्या मी कापल्या,” मी म्हणालो. “तुझ्याच विळ्यानं. जीपगाड्या गेल्यावर, घरी येताना. तू बघायला जाणार म्हणाली होतीस. बघितल्याशिवाय तू ऐकणार नाहीस हे मला माहीत होतं. मीच तुला तसं शिकवलं होतं.”

वाऱ्यानं तुतीची झाडं हलत होती. पलीकडच्या माळावर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. शिवकन्या डाव्या हाताचं पहिलं बोट अंगठ्यावर घासत होती.

“चीक ओला होता,” ती म्हणाली.

“काय?”

“खुंटांचा चीक. मी बोट लावून बघितलं होतं. बोटाला चिकटला. आदल्या संध्याकाळी कापलेल्या फांदीचा चीक दुसऱ्या दिवशी दुपारी ओला कसा राहील, असं मला वाटलं होतं. मग म्हटलं, राहत असेल. अप्पा कशाला खोटं बोलतील.”

मला हात जोडायचे होते, पण हातात फेटा होता.

“म्हणजे मला नीट आठवत होतं,” ती म्हणाली. मग अगदी हळू, बारा वर्षांच्या पोरीच्या आवाजात पुन्हा म्हणाली, “मला नीट आठवत होतं.”

“व्हय,” मी म्हणालो. “तू विहिरीकडनंच सुरू केलं होतंस. दहाव्या ओळीपर्यंत.”

तिनं मान हलवली. विळा तिथंच ओळीच्या तोंडाशी ठेवला आणि शेडकडे चालायला लागली. मी मागे गेलो, चार पावलं अंतर ठेवून. दारात बादली होती, साबण होता. तिनं हात धुतले, पुसले आणि आत गेली. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ती ‘हात धुऊन आत या’ म्हणते. मला काही म्हणाली नाही.

मी बादलीपाशी बसून हात धुतले आणि आतून हाक यायची वाट बघत दारात उभा राहिलो.